हार्वर्डमधला हट्टी विद्यार्थी : दामोदर कोसंबी

मुलं हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत आली की आपल्या घरांमध्ये एकच विषय चालतो. कॉलेज कुठलं हे एक वेळ ठरतं, पण मेजर कुठलं यावर वाद होऊन जेवणं थंड होतात. कॉम्प्युटर सायन्स, प्री-मेड, फायनान्स यांपैकी एखादं नाव आलं की आई-बाबा निर्धास्त. पण मुलीने मला गणित आवडतं आणि इतिहासही आवडतो, शिवाय इटालियन शिकायचंय, असं म्हटलं की डबल मेजर, मायनर, इलेक्टिव्ह अशा तडजोडी सुरू होतात आणि एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण कोणीतरी काढतंच. हा पेच काही आपल्याच पिढीपुढे आलेला नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी बॉस्टनशेजारच्या केंब्रिज गावात एका मराठी मुलापुढे तो आला होता. त्याने दिलेलं उत्तर त्याच्या प्राध्यापकांना पसंत नव्हतं, आणि त्या उत्तराची किंमत त्याला पुढे रोख मोजावी लागली.

हा मुलगा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहास वाचणाऱ्यांना ते प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून माहीत आहेत. काहींना त्यांचं नाव मार्क्सवादामुळे आठवतं. संस्कृतवाले त्यांना भर्तृहरीचे संपादक म्हणून ओळखतात. पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. एकाच माणसाची ही चार माणसं कशी झाली, हे समजून घ्यायचं तर सुरुवात वडिलांपासून करावी लागते.

वडील धर्मानंद कोसंबी गोव्याचे. त्यांना कॉलेजचं शिक्षण नव्हतं. बुद्धाविषयी वाचून त्यांना असा ध्यास लागला की विसाव्या शतकाच्या तोंडावर, तरुण बायको आणि लहान मुलगी घरी असताना, ते संस्कृत आणि पाली शिकायला बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा तो प्रवास. बहुतेक वेळा खिशात पैसे नसत. त्यांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. आपल्या व्हिसाच्या आणि विमानाच्या तक्रारी त्यापुढे अगदीच किरकोळ वाटतात. पुढे हाच माणूस पालीचा एवढा मोठा जाणकार झाला की हार्वर्डच्या प्राध्यापक लॅनमन यांनी त्यांना अमेरिकेला बोलावून घेतलं. काम होतं बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती पुरी करण्याचं. ती सुरू करणारे हेन्री क्लार्क वॉरन १८९९ मध्ये वारले होते. धर्मानंद १९१० मध्ये पहिल्यांदा हार्वर्डला गेले. मग काही वर्षं पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवून १९१८ मध्ये ते दुसऱ्यांदा गेले. या खेपेला थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर बरोबर होते.

दामोदरचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यात कोसबें इथला. घरात त्याला बाबा म्हणत. म्हणजे अमेरिकेत आला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आपल्यापैकी ज्यांनी मुलांना पाचवी-सहावीत इथल्या शाळेत घातलं, त्यांना हे वय बरोबर समजेल. मराठी पक्की झालेली असते, इंग्रजी अजून यायची असते आणि शाळेत मित्र शून्य. बाबाने एक वर्ष ग्रामर स्कूलमध्ये काढलं आणि १९२० मध्ये तो केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये गेला. बॉय स्काउट झाला. रानावनात चालण्याची, दगडधोंडे न्याहाळण्याची सवय त्याला तिथे लागली असावी असा माझा तर्क आहे. पुढे पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर ती कामाला आली. नॉर्बर्ट वीनरशी त्याची ओळखही याच गावातली. वीनरचे वडील लिओ हे हार्वर्डमध्ये धर्मानंदांचे सहकारी. नॉर्बर्ट हा स्वतः बालपणी अद्भुत बुद्धीचा म्हणून गाजलेला मुलगा, पुढे सायबरनेटिक्सचा जनक झाला. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे नाव वेगळं सांगायला नको.

१९२२ मध्ये धर्मानंद आणि माणिक भारतात परतले. पंधरा वर्षांचा बाबा शाळा पुरी करायला मागे राहिला. शाळेचे निकाल इतके चांगले लागले की हार्वर्डने प्रवेश परीक्षा माफ केली. १९२४ मध्ये त्याने नाव घातलं, पण शिक्षण पुढे ढकलून तो भारतात गेला. वडील तेव्हा गुजरात विद्यापीठात होते, गांधीजींच्या वर्तुळात. आज मुलं ज्याला गॅप इयर म्हणतात तसाच हा प्रकार. फक्त याचा गॅप साबरमतीच्या काठी गेला. जानेवारी १९२६ मध्ये बापलेक पुन्हा बोटीने अमेरिकेला निघाले. वडील ‘विसुद्धिमग्ग’साठी तिसऱ्यांदा, मुलगा पदवीसाठी. पुढचं वर्ष-दीड वर्ष दोघे एकाच विद्यापीठाच्या आवारात होते.

इथे हार्वर्डविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा पेच कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्यांना जवळजवळ मोकळं रान दिलं होतं. कोणीही कुठलेही विषय घ्यावेत. त्याचा फायदा हुशार मुलांनी घेतला आणि गैरफायदा बाकीच्यांनी. पहिल्या वर्षाचे सोपे सोपे कोर्स गोळा करून पदवी घेणारे पुष्कळ निघाले. १९०९ मध्ये अध्यक्ष झालेल्या लॉवेल यांनी हे बदललं. एका विषयात खोल जायचं आणि बाकीचे थोडे थोडे घ्यायचे, असा नियम केला. खोल जाण्याच्या त्या विषयाला हार्वर्डमध्ये कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. बाकी अमेरिका ज्याला मेजर म्हणते त्याला हार्वर्ड आजही हाच शब्द वापरतं. आपल्या मुलांचं आजचं मेजरचं कोडं घडवण्यात लॉवेल यांच्या त्या नियमाचा मोठा वाटा आहे.

बाबा गणितात चमकू लागला आणि तो जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांच्या नजरेत भरला. बर्कहॉफ म्हणजे त्या वेळचे अमेरिकेतले अव्वल गणिती. प्वांकारे यांनी मरणापूर्वी अर्धवट सोडलेलं एक प्रमेय त्यांनी १९१३ मध्ये सिद्ध करून युरोपला चकित केलं होतं. अशा माणसाने एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन बाकी सगळं सोड, गणितच कर, असं सांगावं हा मोठा मान होता. बर्कहॉफ यांनी तेच सांगितलं. बाबाने ऐकलं नाही. नाना विषयांचे, नाना भाषांचे कोर्स तो घेत राहिला आणि गंमत म्हणजे त्या सगळ्यांत उत्तम गुण मिळवत राहिला. फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा पुढे त्याला सहज येत होत्या, त्यांत शोधनिबंध लिहिण्याइतक्या.

हे नुसतं तरुणपणाचं वेड होतं का? मला तसं वाटत नाही. ज्याच्या बापाने कुठल्याही विद्यापीठाचा अभ्यासक्रम न पाहता, पायी हिंडून, एकेक गुरू शोधून विद्या मिळवली होती, त्याला ज्ञानाचे असे कप्पे मुळातच कृत्रिम वाटले असणार. दुसरी बाजूही आहे. तो परक्या देशात होता, काळ वंशभेदाचा होता, आणि आपण सगळ्याच गोष्टींत इतरांच्या पुढे आहोत हे दाखवण्याची ईर्षा अशा मुलात असतेच. आपल्या मुलांच्या ट्रान्सक्रिप्टवर कधी कधी तीच ईर्षा दिसते.

१९२९ मध्ये त्याने बी.ए. केलं, सर्वोच्च श्रेणीत, सुम्मा कुम लाउडे. फाय बीटा कॅपा या मानाच्या संस्थेचं सभासदत्व मिळालं. इथपर्यंत सगळं एखाद्या मंडळाच्या सत्कार समारंभात वाचून दाखवावं असं आहे. पण पुढच्या संशोधनासाठी हार्वर्डमध्ये राहण्याची सोय झाली नाही. चरित्रकार याचा संबंध बर्कहॉफ यांचा सल्ला न मानण्याशी जोडतात. गणितात पुरेसं लक्ष न घातलेल्या विद्यार्थ्यामागे आपलं वजन कोण खर्च करणार? म्हणजे ज्याचे गुणपत्रक सर्वांत देखणे होते, तोच पीएच.डी.विना घरी निघाला. कोसंबींनी पुढेही डॉक्टरेट केली नाही. जन्मभर ते हार्वर्डचे बी.ए.च राहिले. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्या रेझ्युमेवर ती एक ओळ कायमची कमी राहिली.

यापुढे त्यांना अहोजाहो करायला हवं, कारण बनारस हिंदू विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. वय बावीस. गणित आणि जर्मन असे दोन्ही विषय शिकवत. बघा, पहिल्याच नोकरीत ‘निरुपयोगी’ कोर्स उपयोगी पडला. संशोधनाला मार्गदर्शक नव्हता, जे काय करायचं ते स्वतःच. १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी अलीगढहून बोलावणं आलं. तिथे गणित विभाग बांधायला आंद्रे वेल हा फ्रेंच तरुण आला होता, कोसंबींपेक्षा जेमतेम वर्षाने मोठा. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणित्यांमध्ये पुढे त्याची गणना झाली. अलीगढची दोन वर्षं कोसंबींना फार मानवली. भूमितीवरचे आठ निबंध तिथे लिहून झाले.

तिथलीच एक गंमत. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एका काल्पनिक गणित्याच्या नावाने खोटं प्रमेय उभं केलं आणि त्याचं सामान्यीकरण म्हणून चक्क निबंध छापला. विभागातल्या एका शहाण्या सहकाऱ्याची जिरवायची होती. काल्पनिक गणित्याचं नाव होतं बूर्बाकी. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच टोपणनाव घेऊन आधुनिक गणिताची नव्याने मांडणी करणारे जाडजूड ग्रंथ लिहिले. गणिताच्या नियतकालिकात या नावाचा पहिला उल्लेख मात्र कोसंबींच्या त्या थट्टेतला.

थट्टा बाजूला ठेवू. १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात कोसंबींचा भूमितीवरचा निबंध आला आणि लगेच त्याच्या पाठोपाठ एली कार्तां या ज्येष्ठ फ्रेंच गणित्याची त्यावरची टिपणी छापली गेली. चीनचे चर्न यांनी पुढे त्यात भर घातली. या तिघांच्या नावाने तो सिद्धांत आजही ओळखला जातो. १९३४ मध्ये कोसंबींना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. बर्कहॉफ यांना हे कळलं असेल तर त्यांना आनंद झाला असेल आणि थोडी चुटपुटही लागली असेल.

अलीगढनंतर पुणे. फर्ग्युसन कॉलेज, जिथे वडिलांनी पाली शिकवली होती, तिथे मुलगा गणित शिकवू लागला. स्वभाव तिखट, कोणाचा मुलाहिजा न ठेवणारा. बारा-तेरा वर्षं ते तिथे होते, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुपीक काळ मला हाच वाटतो. कारण हार्वर्डला जे विषय शेजारी शेजारी बसले होते, ते इथे एकमेकांशी बोलायला लागले.

झालं असं. कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं. पुस्तकातली उदाहरणं सोडवून ते येत नाही, खरा प्रश्न हवा. त्यांनी प्रश्न निवडला नाण्यांचा. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारून केलेली, लेख नसलेली. कोणत्या राजाची, कोणत्या क्रमाने पाडलेली, सांगणार कसं? कोसंबींचा विचार साधा होता. नाणं हातोहात फिरतं तेव्हा झिजतं. नवं असताना सगळी नाणी साधारण एका वजनाची असतात, जितकी जास्त फिरतील तितकं वजन घटेल. मग वजनावरून वय काढता येईल. पण एकेका नाण्याची झीज सारखी नसते, म्हणून एका नाण्यावरून काही कळत नाही. हजारो नाणी तोलून सरासरी आणि विखुरणं बघावं लागतं. झीज खरोखर कशी होते हे तपासायला त्यांनी बाजारात चालू असलेली आजची नाणीही हजारोंनी तोलली. मग दिसलं की नाण्याच्या मागच्या बाजूला जितके छोटे ठसे जास्त, तितकं वजन कमी. म्हणजे ते ठसे वेळोवेळी नाणं तपासून मारलेले असणार. गणिताच्या मास्तरने तराजू घेऊन इतिहासातल्या एका वादात हात घातला तो असा.

पण एवढ्यावर भागेना. नाण्यांचा क्रम लागला तरी ती पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत. म्हणजे संस्कृत हवं. ते घरात लहानपणापासून कानावर पडलेलं होतं, पण अभ्यास म्हणून केलेला नव्हता. शिकायची त्यांची पद्धत तीच: एक खरं काम अंगावर घ्यायचं. त्यांनी भर्तृहरीची सुभाषितं घेतली. आपल्या आजोबांना पाठ असत ती नीतिशतक, वैराग्यशतक. वेगवेगळ्या प्रांतांतली शेकडो हस्तलिखितं जमवून कुठला श्लोक मूळचा, कुठला मागून घुसलेला याची छाननी सुरू झाली. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम करणारे वि. सी. सुकथनकर यांचा या कामी त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. आणि सुकथनकर स्वतः केंब्रिजला (हे इंग्लंडमधलं) गणित शिकून मग बर्लिनला संस्कृतकडे वळलेले! भर्तृहरीची कोसंबींनी केलेली आवृत्ती १९४८ मध्ये आली.

याच वर्षांत, महायुद्ध चालू असताना, त्यांनी संख्याशास्त्रात दोन गोष्टी केल्या. त्यांतल्या एकीपाशी मला जरा थांबायचंय, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. समजा तुमच्याकडे हजार माणसांचे फोटो आहेत. प्रत्येक फोटो म्हणजे लाखो ठिपके. पण सगळे चेहरेच, त्यामुळे त्यांच्यात पुष्कळ साम्य आहे. तर असे थोडे मूळ नमुने शोधून काढता येतील का, की ते कमीजास्त प्रमाणात मिसळले की यातला कुठलाही चेहरा जवळजवळ तयार व्हावा? तसे नमुने सापडले की लाखो ठिपक्यांऐवजी प्रत्येक चेहऱ्यामागे मूठभर आकडे साठवले की काम झालं. चेहरे ओळखणं, सिग्नलमधला गोंगाट काढणं, डेटा दाबून लहान करणं, हवामानाचे नकाशे अभ्यासणं, सगळीकडे हे तंत्र लागतं. इंजिनिअरिंगला आम्ही ते कारुनेन-लोएव्ह ट्रान्सफॉर्म या नावाने घोकलं. परीक्षेत पाच मार्कांना हमखास यायचं. कारुनेन फिनलंडचा, लोएव्ह फ्रान्समधून अमेरिकेत आलेला. त्यांचे निबंध १९४५ नंतरचे. आणि फर्ग्युसनमधल्या प्राध्यापकाने हीच कल्पना १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात मांडून ठेवली होती. युद्धाच्या धामधुमीत भारतातलं नियतकालिक बाहेर कोण वाचणार? आता काही ग्रंथांत तिघांचीही नावं एकत्र येतात. पण पुण्याच्याच आसपास शिकलेल्या आम्हा पोरांना ते नाव कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट १९४४ मधली, फक्त चार पानांचा निबंध. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती दूर आहेत हे संकरातल्या संततीवरून मोजायचं सूत्र. मधल्या अदलाबदली दोनदा झाल्या तर त्या एकमेकींना पुसून टाकतात आणि अंतर खोटं कमी दिसतं, शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याचा संभव घटतो. हे दोन्ही धरून त्यांनी सूत्र बसवलं. पिकांच्या वाणांवर काम करणारे आजही ते कोसंबी फंक्शन म्हणून वापरतात. त्यातल्या बहुतेकांना हा कोसंबी भर्तृहरीवाला आहे याचा पत्ता नसतो.

१९४५ मध्ये होमी भाभांनी नव्याने काढलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांना बोलावलं. संस्था मुंबईत, पण कोसंबींनी पुणं सोडलं नाही. सकाळी डेक्कन क्वीनने मुंबई, संध्याकाळी त्याच गाडीने परत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची फेलोशिप घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला आले ते कशासाठी, तर गणनयंत्रं, म्हणजे कॉम्प्युटर, समजून घेण्यासाठी! त्या दौऱ्यात त्यांनी शिकागोला एक सत्र भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टनला दोन महिने काढले. तिथे फॉन नॉयमन, ओपनहायमर, वाईल ही मंडळी होती. वीस वर्षांपूर्वी ज्याला अमेरिकेत पुढे शिकायला जागा मिळाली नव्हती, त्याच्याशी ही माणसं बरोबरीने चर्चा करत होती.

दरम्यान इतिहास त्यांना पुरता लागला होता. रविवारी पाठीला झोळी लावून पुण्याभोवतीच्या टेकड्या, लेणी, म्हसोबा-वेताळाची ठाणी, धनगरांच्या वाटा पालथ्या घालायच्या, गारगोटीची बारीक हत्यारं वेचायची, गावकऱ्यांना देवीच्या जत्रेविषयी विचारायचं. ग्रंथ, नाणी आणि पायाखालची जमीन या तिन्हींची सांगड घालून १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक आलं. राजांच्या सनावळ्यांऐवजी लोक काय पिकवत, कशाने नांगरत, कुठल्या घाटातून माल नेत, हे प्रश्न त्यांनी मध्यभागी आणले. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना पटत नाहीत, त्यांचा मार्क्सवाद तर नाहीच. पण त्यांच्यानंतर आलेल्या इतिहासकारांना त्यांच्याशी वाद तरी घालावाच लागला.

आणि १९५७ मध्ये त्यांनी आणि वा. वि. गोखले यांनी संपादित केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ हार्वर्ड ओरिएंटल सीरिजमध्ये बेचाळिसावा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच मालेतला एक्केचाळिसावा ग्रंथ म्हणजे १९५० मध्ये, धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, अखेर छापून आलेला ‘विसुद्धिमग्ग’. या मालेचे खंड क्रमाने लावलेल्या फळीवर बापलेक शेजारी शेजारी उभे असतात.

सगळं असं छान छान झालं असतं तर ही गोष्ट मुलांना सांगायला फारच सोपी होती. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला. गणितातला हा सर्वांत अवघड न सुटलेल्या प्रश्नांपैकी एक, आजतागायत न सुटलेला. त्यांनी संभाव्यतेच्या अंगाने वाट काढली होती आणि निबंध छापला तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. हात दाखवून अवलक्षण झालं. संस्थेतल्या तरुण गणित्यांसमोर त्यांची पत घसरली. एकाच क्षेत्रात रोज बुडून राहणारा माणूस जिथे आपल्या चुका सहकाऱ्यांकडून वेळीच दुरुस्त करून घेतो, तिथे हे एकटे पडले होते. बर्कहॉफ यांच्या सल्ल्यातला शहाणपणा मला इथे दिसतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यात भाभांशीही बिनसलं होतं. देशाला अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्ती परवडेल, असं कोसंबी उघड बोलत, आणि तेही अणुशक्तीच्या मुख्य शिल्पकाराच्या संस्थेत नोकरी करून. शांतता चळवळीसाठी रशिया-चीनचे दौरे होत. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात नजरेतून सुटता कामा नये. बनारस, अलीगढ, फर्ग्युसन, टाटा संस्था, प्रत्येक ठिकाणी पगार मिळाला तो गणिताचा. इतिहासाने, संस्कृतने, नाण्यांनी त्यांचं घर चालवलं नाही. गणिताने चालवलं आणि बाकीच्यांना पोसलं. बर्कहॉफ यांचं त्यांनी ऐकलं नाही म्हणतात, पण गणित कधी सोडलंही नाही. शिवाय दुसऱ्या विषयात ते शिरले तेव्हा पाहुण्यासारखे चार दिवस राहून परतले नाहीत. नाणी तोलली ती हजारो, हस्तलिखितं ताडून पाहिली ती शेकडो. मेजर-मायनरच्या चर्चेत ‘पॅशन’ हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. एकेक नाणं तराजूत टाकून वजन लिहीत बसण्याचा कंटाळा ज्याला येत नाही, त्याने खुशाल दुसरा विषय घ्यावा असं मला वाटतं.

नोकरी गेल्यावर कोसंबी पुण्यातच राहिले. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ नेमलं आणि ते महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक १९६५ मध्ये निघालं. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अवघं अठ्ठावन्न. धाकटी मुलगी मीरा गणिताकडे गेली नाही, संस्कृतकडेही नाही. तिने समाजशास्त्र घेतलं, पंडिता रमाबाईंवर मोलाचं लिहिलं, आणि २०१५ मध्ये जाण्यापूर्वी आजोबांचं ‘निवेदन’ इंग्रजीत आणलं. घरात मराठी न वाचणारी मुलं असतील तर त्यांच्यासाठी ते आता उपलब्ध आहे.